गोल्डफिल्डच्या उन्हातल्या ४२ फेऱ्या आणि जो गॅन्स

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या वाळवंटात गोल्डफिल्ड नावाचं गाव आहे. आज तिथं जेमतेम काहीशे माणसं राहतात. पण ३ सप्टेंबर १९०६ रोजी, तिथल्या कामगार दिनाच्या सोमवारी, अख्ख्या अमेरिकेचे कान या गावाकडं लागले होते. त्या दुपारी इथं लाइटवेट गटाच्या जगज्जेतेपदासाठी मुष्टियुद्ध झालं आणि ते चाललं तब्बल ४२ फेऱ्या. जिंकला तो जो गॅन्स. बाल्टिमोरच्या मासळी बाजारात राबून मोठा झालेला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा.

गॅन्सचा जन्म २५ नोव्हेंबर १८७४ चा, बाल्टिमोर शहरातला. मारिया गँट नावाच्या बाईनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिच्याच आडनावाचं पुढं गॅन्स झालं. पोरवयातच तो मासळी बाजारात कालवं सोलायच्या कामाला लागला. त्या काळी तिथं एक क्रूर खेळ चालायचा. बऱ्याच कृष्णवर्णीय पोरांना, अनेकदा डोळ्यांवर पट्टी बांधून, एकाच रिंगणात सोडायचं आणि शेवटी उभा राहील त्याला बक्षीस द्यायचं. बघे हसायचे, नाणी फेकायचे. गॅन्सची सुरुवात याच रिंगणात झाली.

अल हरफोर्ड या स्थानिक हॉटेलवाल्यानं त्याला हेरलं आणि त्याचा व्यवस्थापक झाला. गॅन्सचा खेळ अंगमेहनतीपेक्षा डोक्याचा होता. समोरच्याचा ठोसा इंचभर अंतरानं चुकवायचा, पाय उगाच नाचवायचे नाहीत, आणि प्रतिस्पर्ध्याचा तोल गेला की सरळ, आखूड ठोसा लावायचा. तांबड्या मातीतल्या कुस्तीत ताकदीच्या पैलवानापेक्षा डावाचा पैलवान जसा वेगळा ओळखू येतो, तसंच हे. लोक त्याला ‘ओल्ड मास्टर’ म्हणू लागले, म्हणजे मुरलेला उस्ताद.

पण उस्ताद असून भागत नव्हतं. त्या काळात कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला लढत मिळायची ती गोऱ्यांच्या अटींवर. कधी फेऱ्या लांबवायच्या, कधी चक्क हरायचं, असाच व्यवहार असायचा. मार्च १९०० मध्ये फ्रँक अर्नविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डोळ्याला दुखापत झाल्यानं त्याला बाराव्या फेरीत थांबावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिकागोत टेरी मॅकगव्हर्नविरुद्ध तो दुसऱ्याच फेरीत पडला. ती लढत आधीच ठरलेली होती, असा गवगवा एवढा झाला की शिकागोत मुष्टियुद्धावरच बंदी आली. हा डाग गॅन्सच्या नावाला शेवटपर्यंत चिकटून राहिला.

१२ मे १९०२ ला कॅनडातल्या फोर्ट एरी इथं अर्न पुन्हा समोर आला. यावेळी गॅन्सनं पहिल्याच फेरीत, दोन मिनिटांच्या आत, निकाल लावला. अमेरिकेत जन्मलेला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता म्हणून त्याची नोंद झाली. पट्टा आला, पण पैसा हातात टिकला नाही. १९०६ पर्यंत हरफोर्डशी फाटलं होतं आणि खिसा रिकामा होता.

इकडं गोल्डफिल्डला १९०२ मध्ये सोनं सापडलं होतं. चार वर्षांत तंबूंच्या जागी बँका, गुत्ते आणि हॉटेलं उभी राहिली. गावाचं नाव देशभर व्हावं आणि खाणींचे शेअर खपावेत, यासाठी गुत्तेवाला टेक्स रिकर्ड आणि गावातल्या पैसेवाल्यांनी मोठी लढत भरवायचं ठरवलं. बक्षिसाचे ३० हजार डॉलर सोन्याच्या नाण्यांत मोजून बँकेच्या खिडकीत मांडले. जाहिरात म्हणून याला तोड नव्हती.

प्रतिस्पर्धी होता डेन्मार्कमध्ये जन्मलेला बॅटलिंग नेल्सन. कितीही मार खाऊन उभा राहणारा आणि नियमांची फारशी पर्वा न करणारा. त्याच्या व्यवस्थापकानं अटी कसून घातल्या. जगज्जेता गॅन्स, तरी पैशाचा मोठा वाटा नेल्सनला. गॅन्सला सुमारे ११ हजार, नेल्सनला त्याच्या दुप्पट. शिवाय वजन १३३ पौंड, म्हणजे साधारण ६० किलो, तेही लढतीच्या दिवशी आणि लढतीच्याच कपड्यांत. गॅन्सला अंग सुकवून वजन उतरवावं लागलं. गरज त्याला होती, त्यानं सगळं मान्य केलं.

फेऱ्यांना मर्यादा नव्हती. एक जण पडेपर्यंत किंवा बाद होईपर्यंत लढायचं. गॅन्सनं नेल्सनला पुन्हा पुन्हा खाली पाडलं आणि उठायला हातही दिला. नेल्सन डोक्यानं धडका मारत राहिला. तेहतिसाव्या फेरीच्या सुमारास गॅन्सच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. तरी तो डाव्या हातावर लढत राहिला. बेचाळिसाव्या फेरीत नेल्सननं कमरेखाली ठोसा मारला. पंच जॉर्ज सायलर यांनी त्याला बाद ठरवून गॅन्सला विजयी घोषित केलं. पावणेतीन तास उलटले होते. वंशभेद उघडपणे चालायच्या त्या काळात गोऱ्या खाणकामगारांच्या गर्दीनं एका कृष्णवर्णीयाच्या बाजूनं आवाज उठवला, ही त्या दिवसाची मोठी गोष्ट.

त्या कमाईतून गॅन्सनं बाल्टिमोरमध्ये हॉटेल काढलं आणि नाव दिलं ‘गोल्डफिल्ड’. तिथं काळे-गोरे एकत्र बसायचे. पुढं नावारूपाला आलेला पियानोवादक यूबी ब्लेक तरुणपणी तिथंच वाजवायचा.

शरीर मात्र आतून पोखरत चाललं होतं. क्षयानं गाठलं होतं. १९०८ मध्ये त्याच नेल्सननं त्याला दोनदा हरवलं, आधी सतराव्या, मग एकविसाव्या फेरीत. पट्टा गेला. कोरड्या हवेसाठी गॅन्स ॲरिझोनात जाऊन राहिला, पण गुण आला नाही. शेवटी त्याला घरी आणलं. १० ऑगस्ट १९१० रोजी बाल्टिमोरमध्ये त्यानं प्राण सोडला. वय अवघं ३५.

गोल्डफिल्डचंही फार काळ टिकलं नाही. सोनं आटलं, १९१३ मध्ये पूर आला, १९२३ च्या आगीत बरंचसं गाव जळालं. रिकर्ड मात्र पुढं देशातला सर्वांत मोठा लढती भरवणारा झाला. गॅन्सचा मान उशिरा आला. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिमंदिरात पहिल्याच यादीत त्याचं नाव घेतलं गेलं. गावाची जाहिरात करायला भरवलेल्या त्या लढतीमुळं आज गोल्डफिल्ड आठवतं, आणि ज्याला तिथं निम्मे पैसे मिळाले, त्याच्याच नावानं.