फाळाच्या टोकावर उभा राहिलेला उद्योग
लोखंडी नांगराचे जनक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जीवनकथा

पुसद : मृग नक्षत्र जवळ आले, की पुसद परिसरातील शेतकऱ्याला अवजारांच्या धारेची आठवण होते. वखराची आणि डवऱ्याची पास, विळे, कुऱ्हाडी लोहाराच्या भात्यापुढे येऊन पडतात. पूस नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी आवळते, तर पावसात अवजाराला चिकटून बसते. टेकड्यांच्या पायथ्याची मुरमाड जमीन लोखंड अक्षरशः खाऊन टाकते. या भागात पिढ्यान् पिढ्या नांगरापेक्षा वखरावरच अधिक भर राहिला. लाकडी नांगर खोल जात नसे, आणि त्याचा फाळ वारंवार लोहाराकडे न्यावा लागे.

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नव्हता. जमिनीत खोल जाणारे, चिवट आणि लवकर न झिजणारे टोक कसे घडवायचे, हा साऱ्या काळ्या मातीच्या मुलुखाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घातली, ते लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ना शेतकरी होते, ना लोहार. ते होते एक चित्रकलेचे विद्यार्थी, ज्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते.

रंगांनी दिलेला दगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्येचे, मात्र मुलाचे मन पाठांतरापेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रमणारे. वडिलांच्या इच्छेविरुद्ध, पण थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठबळावर, १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षे काढल्यावर काही रंगांतील फरक आपल्याला कळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार होण्याची वाट तेथेच संपली.

लक्ष्मणरावांनी मुंबई सोडली नाही. रेखाटनावरचा हात पक्का होता, त्यामुळे ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. शिकवता शिकवता त्यांनी तेथील यंत्रशाळेत स्वतःलाही शिकवून घेतले. दरम्यान, रामुअण्णांच्या साथीने बेळगावात सायकली विकण्याचा व्यवसाय सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत, रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. पुढे संस्थेत हक्काची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

सहा नांगर, दोन वर्षे

सायकलींच्या दुकानाशेजारी छोटा कारखाना उभा राहिला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. या यंत्राचा सारा जीव त्याच्या पात्यात होता. पाते बोथट झाले, की कडबा कापला न जाता चेपला जाई. धारेचा प्रश्न असा पहिल्याच मालापासून लक्ष्मणरावांच्या पाठीस लागला.

१९०३ मध्ये त्यांनी पहिला लोखंडी नांगर तयार केला. परदेशी लोखंडी नांगर त्यापूर्वीही येथे येत होते. एतद्देशीय कारखान्यात, एतद्देशीय बैलांच्या ताकदीला झेपेल असा नांगर करण्याचा प्रयत्न नवा होता. बाजाराने मात्र त्याच्याकडे पाठ फिरवली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपण्यास तब्बल दोन वर्षे लागली.

या समजुतीला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु एका हंगामावर वर्षाची भाकरी अवलंबून असणाऱ्याने नव्या अवजाराविषयी सावध असणे स्वाभाविकच होते. शिवाय लाकडी नांगर गावातला सुतार करी, फाळ गावातला लोहार पाजवी आणि दोघांनाही धान्याच्या रूपात बलुते मिळे. कारखान्यातल्या नांगरासाठी मात्र रोख पैसे मोजावे लागत आणि तो मोडला तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरे.

सुरुवातीचे नांगर तक्रारीसह परत आल्याचे सांगितले जाते. फाळाची टोके फार लवकर बोथट होतात, ही ती तक्रार. नवख्या कारखानदाराला हा घाव मोठा होता. जमिनीला किंवा बैलांना दोष देऊन मोकळे होता आले असते. लक्ष्मणरावांनी तक्रार खरी मानली आणि ते धातूच्या अभ्यासाला लागले.

कठीण हवे, पण ठिसूळ नको

हा अभ्यास कशाचा होता, हे खिशातल्या साध्या चाकूवरूनही कळते. मऊ पोलादाचा चाकू दगडावर चार वेळा ओढला की धार चढते, पण ती तितक्याच लवकर उतरते. कठीण पोलादाच्या चाकूची धार महिनोन् महिने टिकते. मात्र एकदा तो बोथट झाला, की साधा दगड त्याला दाद देत नाही. अशा पोलादात कर्ब आणि अन्य धातू यांच्या संयुगाचे, म्हणजे कार्बाइडचे, अतिशय कठीण कण विखुरलेले असतात. झिजेला तेच अडवतात आणि धार लावणाऱ्या दगडालाही तेच अडवतात. व्हॅनेडियमचे कार्बाइड तर कुरुंदाहूनही कठीण असते; म्हणून त्या जातीच्या पोलादाला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. त्यातही दाब हलका ठेवावा लागतो आणि कोन शेवटपर्यंत एकच राखावा लागतो, अन्यथा पात्याची कड टवके उडून दातेरी होते.

हा पेच जुनाच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले होते. जेम्स स्टोडार्ट या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराने त्याच्या तुकड्यापासून लहानसा चाकू बनवला. त्याची धार उत्कृष्ट पोलादाच्या तोडीची निघाली आणि १७९५ मध्ये त्याची नोंद शास्त्रीय निबंधात झाली. मात्र ते पोलाद ठोकून आकारास आणणे अतिशय जिकिरीचे असल्याचेही तेव्हाच आढळले.

नांगराच्या फाळाला हाच न्याय लागू पडतो, फक्त येथे दगडाच्या जागी सारी जमीनच असते. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, सावकाश थंड झाले तर त्यातील कर्ब ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो आणि धातू तुलनेने मऊ राहतो. तोच रस साच्यातील थंड धातूच्या तुकड्याला भिडून झटकन गोठला, तर कर्ब लोखंडाशी जोडलेलाच राहतो. असे बीड पांढरे व अत्यंत कठीण बनते. सगळाच फाळ असा कठीण केला तर तो पहिल्याच धोंड्यावर फुटेल. त्यामुळे झिजणारा भाग तेवढा कठीण आणि उरलेला त्यामानाने मऊ, असा समतोल साधावा लागतो.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये या तत्त्वावर एकस्व घेतले होते. त्यांच्या फाळाची खालची बाजू कठीण आणि वरची मऊ असे. मातीत चालताना वरची बाजू आधी झिजे, खालची टिके आणि परिणामी फाळ आपोआप धारदार राही. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हर यांनी एकोणिसाव्या शतकात याच पद्धतीच्या नांगरांवर मोठा उद्योग उभारला. रॅन्सम यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी बेळगावात पहिला नांगर करणाऱ्या लक्ष्मणरावांच्या हाताशी मात्र ना प्रयोगशाळा होती, ना शिकवणारा उस्ताद. परदेशी तांत्रिक पुस्तके वाचायची, भट्टी लावायची आणि फाळ पुन्हा ओतायचा, एवढाच मार्ग होता.

लोहार तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून त्याचे तापमान ओळखतो. लक्ष्मणरावांना रंगांनीच दगा दिलेला होता. त्यांचा भरवसा मोजमापावर, आराखड्यावर आणि शेतातून परत येणाऱ्या झिजलेल्या टोकावर राहिला. हळूहळू फाळ टिकू लागले आणि मागणी वाढू लागली.

निवडुंगाच्या माळावर

नांगराला बरे दिवस येत असतानाच नवे संकट उभे राहिले. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी असल्याने बेळगाव नगरपालिकेने ती सोडण्यास सांगितले. भट्ट्या आणि यंत्रे घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न होता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले.

ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, नागांचा वावर असलेला ओसाड माळ होता. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपले बिऱ्हाड, बंधू आणि मोजके सहकारी यांच्यासह तेथे उतरले. माळ साफ झाला, ओतशाळा उभी राहिली, घरे झाली. वसाहतीच्या व्यवस्थेचा भार रामुअण्णांनी वाहिला. किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागलेले हे गाव देशातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक ठरले. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी बंदी केली. तुरुंगवास भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. माणूस सुधारू शकतो, हा विश्वास त्यामागे होता.

तोफा आणि नांगर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगरांची आवक आटली आणि देशी नांगराची मागणी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, अशी विचित्र अवस्था झाली. त्या दिवसांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्याचे सांगितले जाते. रणांगणासाठी ओतलेला धातू असा शेतात उतरला.

युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्सचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या वार्तापत्रातून पुढे मराठीतील मान्यवर मासिक घडले आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडेही त्याला लाभली. नांगराच्या जोडीला पंप आले. पहिला नांगर झाला त्याच वर्षी जन्मलेले पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रावजारांचा, तर १९४६ मध्ये पुण्यात तेल इंजिनांचा आणि बंगळूरमध्ये विद्युत मोटारींचा उद्योग सुरू झाला.

१९४८ मध्ये, महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माळावर चाळीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडला होता, तेथे राख पाहण्याची वेळ ऐंशीच्या उंबरठ्यावरील लक्ष्मणरावांवर आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

लोहाराचे काय?

लोखंडी नांगराने शेतीचे रूप पालटले. लाकडी नांगराला दाद न देणारी हरळी आणि कुंदा खोल नांगरटीने मुळासकट उपटता येऊ लागले. परंतु या बदलाची एक किंमतही होती. कठीण बिडाचा फाळ लोहाराच्या ऐरणीवर ठोकून पाजवता येत नाही. घण बसला की तो फुटतो. झिजला की बदलणे हाच उपाय. म्हणजे जो फाळ पाजवण्यासाठी लोहाराला धान्य मिळे, त्याच्या जागी दुकानातून रोखीने नवा फाळ येऊ लागला. गावातल्या गावात फिरणारी देवाणघेवाण कारखान्याशी आणि बाजाराशी जोडली गेली. लक्ष्मणरावांचे श्रेय मान्य करताना ही दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही.

मात्र लोहाराचा भाता विझला नाही. कापसाच्या पट्ट्यात वखर टिकला, डवरा टिकला आणि त्यांच्या पासा पाजवण्याचे कामही टिकले. पुसद तालुक्यातील गहुली या गावाने वसंतराव नाईक यांच्या रूपाने महाराष्ट्राला शेतीची जाण असलेला मुख्यमंत्री दिला आणि त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसापर्यंत पेरण्या बहुधा मार्गी लागलेल्या असतात आणि पाजवलेल्या अवजारांची खरी कसोटी सुरू झालेली असते.

ट्रॅक्टरच्या नांगरालाही आज तोच प्रश्न पडतो, जो बेळगावच्या त्या छोट्या कारखान्याला पडला होता. मऊ फाळ झिजतो, फार कठीण फाळ फुटतो. या दोहोंमधली नेमकी जागा कारखान्यात बसून सापडत नाही. ती शेतकऱ्याने परत आणलेल्या बोथट टोकावरून शोधावी लागते. ते टोक हातात घेऊन पुन्हा भट्टीकडे वळण्याची तयारी लक्ष्मणरावांपाशी होती. पुढचा सारा उद्योग त्या तयारीवर उभा राहिला.