भोरच्या मातीतला सोंगाड्या

दादा कोंडके यांच्यावर लेख लिहिणार म्हटल्यावर वर्गात खसखस पिकली. मुलीने लिहावा असा हा विषय नव्हे, असेच पुष्कळांना वाटले असावे. पण रामजोशींची शृंगारिक लावणी आम्ही अभ्यासतो, तेव्हा कोणी मान खाली घालीत नाही. तिला आपण वाङ्मय म्हणतो. मग त्याच परंपरेतले दादा तेवढे चावट कसे?

दादांचे खरे नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईतल्या नायगावचा. पण घराणे मूळचे भोर तालुक्यातील इंगवलीचे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरची भातखाचरे वर्षभर पोट भरीत नाहीत. म्हणून इकडची कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. माझे आजोबाही त्यांतलेच. गिरणगावाच्या चाळीत गावाकडची बोली, भजन आणि तमाशा एकत्र नांदत होते. दादा त्यात वाढले. अपना बाजारात त्यांनी नोकरी केली, बँडपथकात वाजविले, सेवादलाच्या कलापथकात कामे केली.

तरुणपणी जवळची अनेक माणसे थोड्याच काळात गेली आणि ते अगदी अबोल झाले. त्या दुःखातून उठले ते लोकांना हसवायचे ठरवूनच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे त्यांनी हजाराहून अधिक प्रयोग केले. १९६९ मध्ये भालजी पेंढारकरांनी त्यांना ‘तांबडी माती’त घेतले.

१९७१ मध्ये त्यांचा स्वतःचा ‘सोंगाड्या’ आला. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, एवढीच गोष्ट. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लागेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांनी मदत केली. पुढे लोकांनीच तो डोक्यावर घेतला.

योगायोग असा, की त्याच वर्षी इटलीत पासोलिनीचा ‘डेकॅमेरॉन’ हा चित्रपट आला. चौदाव्या शतकात प्लेगने माणसे पटापट मरत असताना बोकाच्चिओने तो ग्रंथ लिहिला. शहर सोडून गेलेले दहा तरुण-तरुणी एकमेकांना शंभर गोष्टी सांगतात. त्यांत भोंदू साधू आहेत, फसलेले नवरे आहेत, हुशार बायका आहेत. मरण दाराशी असताना माणसे चावट गोष्टींवर पोट धरून हसतात, यात मला काही हलके वाटत नाही. दादांचे हसूही दुःखाच्या कडेनेच आले होते.

आपल्याकडे तर हा सोंगाड्याचा जुना हक्कच आहे. गवळणीत तो मथुरेच्या वाटेवर गौळणींना अडवतो, मावशीकडून टोमणे खातो आणि वगात राजालाही टोला हाणतो. दादांनी तो हक्क पडद्यावर आणला. सेन्सॉरने हरकत घेतली की ते वाक्याचा सरळ अर्थ पुढे करीत. वाकडा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनातला! ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशा त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. ‘पांडू हवालदार’चे (१९७५) दिग्दर्शनही त्यांचेच.

मात्र सारेच गोड मानून घेणे मला जमत नाही. इटलीत पासोलिनीच्या मागून स्वस्त नकलांची लाट आली. तिच्यात गोष्ट गेली आणि उघडी अंगे उरली. दादांच्या नंतरच्या चित्रपटांतही थोडे असेच घडले. ‘सोंगाड्या’तल्या उषा चव्हाणांच्या कलावतीला स्वतःचे मन होते; प्रेक्षक नाम्याच्या भाबडेपणाला हसत. पुढे पुढे बाईचे शरीरच विनोदाचा विषय झाले. तेथे हसताना मुलींना अवघड वाटते, हे दादांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

१४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. आम्हाला लोकनाट्य शिकवताना गण, गवळण, वग यांच्या व्याख्या सांगतात. त्या प्रकरणात ‘सोंगाड्या’ही यावा आणि त्यातले चांगले-वाईट वर्गात उघडपणे बोलले जावे, एवढीच माझी प्राध्यापकांना विनंती आहे. घाम गाळणाऱ्या आमच्या माणसांनी आपले दुःख ज्याच्यापाशी घटकाभर विसरले, त्याला अभ्यासाच्या उंबऱ्याबाहेर ठेवू नये.