सॅम्युअल कोल्ट आणि त्याचं सुधारलेलं रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हर म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर आठवतो, नाहीतर घोड्यावरचा काउबॉय. मेकॅनिकलवाल्याला मात्र त्यात एक छोटं मशीन दिसतं. एक रॅचेट, एक पॉल, दोन-चार स्प्रिंगा आणि फिरणारं सिलिंडर. हे मशीन ज्याच्या नावाने जगभर गाजलं, त्या सॅम्युअल कोल्टबद्दल मी इथे लिहिणार आहे. हा माणूस मला पूर्णपणे आवडतो असं नाही. पण त्याचं आयुष्य वाचताना मशीन डिझाइनचं एक अख्खं युनिट शिकून होतं, म्हणून हा खटाटोप.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, हार्टफर्ड इथे झाला. वडिलांची कापडगिरणी होती. शाळेत स्वारी काही रमली नाही. शेवटी १८३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला कॉर्व्हो नावाच्या जहाजावर पाठवलं गेलं. हे जहाज बोस्टनहून कुठे निघालं होतं? थेट आपल्या कलकत्त्याला! या प्रवासात पोराने लाकूड कोरून फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचं मॉडेल बनवलं.

इथे एक गैरसमज दूर करतो. फिरत्या सिलिंडरची बंदूक कोल्टच्या आधीही होती. एलिशा कॉलिअरने १८१८ साली तसं पेटंट घेतलं होतं आणि त्याच्या बंदुकांचं सिलिंडर हाताने फिरवायला लागायचं. कोल्टची करामत अशी, की अंगठ्याने घोडा, म्हणजे हॅमर, मागे ओढला की सिलिंडर आपोआप एक घर पुढे सरकतं आणि नळीच्या बरोब्बर समोर लॉक होतं.

कल्पना तयार होती, पण खिशात पैसे नव्हते. मग हा पठ्ठ्या डॉक्टर असल्याचं सांगून गावोगाव हास्यवायूचे खेळ करत हिंडला. लोक वायू हुंगून नाचायचे, बाकीचे तिकीट काढून बघायचे. त्या कमाईतून त्याने कारागिरांकडून नमुने बनवून घेतले. १८३५ साली इंग्लंडचं आणि १८३६ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी कारखानाही सुरू झाला.

आणि सहा वर्षांत बंद पडला! १८४२ साली कंपनी बुडाली. पॅटर्सनचं पिस्तूल पाच बारांचं होतं. चापाला संरक्षक कडी नव्हती. घोडा ओढला की चाप खाली यायचा. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये पुन्हा बार भरायला पिस्तुलाचे भाग वेगळे करायला लागायचे. विचार करा, समोरून शत्रू येतोय आणि तुम्ही पार्ट्स हातात घेऊन बसलाय. वर किंमत जास्त. सैन्याला ते नाजूक वाटलं.

पुढची काही वर्षं कोल्टने पाण्याखालचे सुरुंग आणि विजेच्या केबल यांच्यावर काम केलं. टेलिग्राफवाल्या मोर्सशीही त्याचा संबंध आला. पिस्तूल त्याच्यासाठी जवळजवळ संपलेला विषय होता.

पण तिकडे टेक्सासमध्ये काही पिस्तुलं रेंजर्स नावाच्या घोडेस्वारांच्या हातात पडली होती. १८४४ साली पंधराएक रेंजर्सनी कितीतरी मोठ्या कोमँची टोळीला त्यांच्या जोरावर मागे हटवलं. त्यांच्यात सॅम्युअल वॉकर नावाचा एकजण होता, तो या लढाईत भाल्याने जबर जखमी झाला. हाच वॉकर १८४६ साली, मेक्सिकोशी युद्ध सुरू असताना, कोल्टच्या संपर्कात आला. पिस्तूल चांगलं आहे, पण त्यात बदल हवेत, असं त्याचं म्हणणं होतं.

वॉकरची यादी आजच्या भाषेत कस्टमर रिक्वायरमेंट म्हणावी अशी होती. पाचाऐवजी सहा बार. गोळी ०.३६ इंचाऐवजी ०.४४ इंचाची. चापाला कडी. भाग कमी आणि मजबूत. नळीखाली ठासणीचा दांडा कायम जोडलेला, म्हणजे घोड्यावर बसूनही गोळी ठासता येईल. कोल्टने हे सगळं ऐकलं. जानेवारी १८४७ मध्ये सरकारची १००० पिस्तुलांची ऑर्डर आली, नग २५ डॉलरला. कोल्टकडे तेव्हा कारखानाच नव्हता! मग एली व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात ती बनवून घेतली.

पण गोष्ट इथे संपत नाही. वॉकर पिस्तुलाचं वजन होतं ४ पौंड ९ औंस, म्हणजे दोन किलोच्या वर. नळी ९ इंच. एकेका घरात ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम, दारू मावायची. तेव्हाचं लोखंड आजच्या स्टीलसारखं नव्हतं. घरं काठोकाठ भरली की काही सिलिंडर फुटायचे. टोकदार गोळ्या काही जण उलट्या ठासायचे, तेही एक कारण मानलं जातं. शिवाय धक्क्याने ठासणीचा दांडा खाली लोंबायचा, म्हणून लोक तो चामड्याच्या पट्टीने बांधून ठेवायचे. दारू, गोळी आणि धातू या तिघांचं जमलं नाही तर हत्यार धरणाऱ्यालाच धोका! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचे पेपर सोडवताना मला फॅक्टर ऑफ सेफ्टी कधी इतका जवळून कळला नव्हता. खुद्द वॉकर ऑक्टोबर १८४७ मध्ये वामान्तलाच्या लढाईत मारला गेला.

कोल्टने पुन्हा बदल केले. १८४८ च्या ड्रॅगून मॉडेलमध्ये सिलिंडर आखूड केलं, नळी साडेसात इंचांवर आणली आणि दारू ५० ग्रेनच्या आसपास ठेवली. ताकद थोडी कमी झाली, भरवसा वाढला. मग साध्या माणसासाठी, स्वसंरक्षणासाठी, १८४९ चं पॉकेट मॉडेल आलं. गोळी फक्त ०.३१ इंचाची, वजन पाऊण किलोच्या आसपास. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्यांच्या खिशात ते जाऊन बसलं. ताकदीने सगळ्यात मोठं वॉकर हजाराच्या घरात बनलं, आणि हे छोटं पॉकेट तीन लाखांच्या वर! खिशात मावणारं, सोबत नेता येणारं हत्यार लोकांना जास्त उपयोगी वाटलं.

१८५५ साली हार्टफर्डला नवा भव्य कारखाना उभा राहिला. एलिशा रूट या हुशार इंजिनिअरने तिथल्या मशीन आणि गेज अशा बसवल्या की बहुतेक काम मशीनवरच व्हावं. या कारखान्यात काम केलेल्या फ्रान्सिस प्रॅट आणि एमोस व्हिटनी यांनी पुढे १८६० मध्ये स्वतःची मशीन टूल कंपनी काढली. विमानाच्या इंजिनावर दिसणारं प्रॅट अँड व्हिटनी हे नाव तिथूनच आलंय.

मात्र श्रीमंत झाल्यावर कोल्टचे कान बंद झाले असं मला वाटतं. त्याचं सगळं लक्ष पेटंट सांभाळण्याकडे लागलं. त्याची मुदत आणखी वाढावी म्हणून त्याने जे प्रयत्न केले, त्यात भेटी वाटल्याच्या आरोपावरून १८५४ साली अमेरिकन संसदेत चौकशी झाली. मुदत काही वाढली नाही. त्याच सुमाराला त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या रोलिन व्हाइटने आरपार छिद्रांच्या सिलिंडरचं पेटंट १८५५ साली घेतलं. अशा सिलिंडरमध्ये मागून तयार धातूचं काडतूस घालता येतं. म्हणजे दारू मोजायची नाही, ठासायचं नाही, वर टोपी बसवायची नाही. हा हक्क नगामागे २५ सेंट देऊन स्मिथ आणि वेसन या जोडीने घेतला. १८५७ साली कोल्टचं पेटंट संपलं आणि त्याच वर्षी त्यांचं काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. कोल्ट शेवटपर्यंत ठासणीवरच राहिला. त्याच्या कंपनीचं प्रसिद्ध काडतुसाचं रिव्हॉल्व्हर १८७३ सालचं, आणि तो तर १० जानेवारी १८६२ रोजीच, ४७ व्या वर्षी, वारला होता.

आता न आवडणारी बाजू. अमेरिकेचं यादवी युद्ध तोंडावर आलं असताना कोल्टने उत्तरेला आणि दक्षिणेला, दोघांनाही बंदुका विकल्या. वॉकरने सुचवलेला प्रत्येक बदल कुणावर तरी गोळी झाडताना आलेल्या अडचणीतून निघाला होता. कोमँचींच्या बाजूने हीच गोष्ट लिहिली तर ती यशोगाथा होणार नाही. त्यांच्या हातून त्यांचा मुलूख गेला. एफिशियन्सी वाढली असं आपण सहज म्हणतो, पण कशाची वाढली हा प्रश्न व्हायवामध्ये कुणी विचारत नाही. तो आपणच आपल्याला विचारायला हवा.

तरीही एक गोष्ट मी कोल्टकडून जरूर घेईन. पॅटर्सनचं पिस्तूल त्याने एकट्याच्या डोक्याने बनवलं आणि ते पडलं. पुढचं चाललं, कारण वापरणाऱ्याने काढलेल्या चुका त्याने मान खाली घालून दुरुस्त केल्या. फायनल इयरचा प्रोजेक्ट करताना आपण गाईडला दाखवतो, एक्स्टर्नलला दाखवतो. जो माणूस ती वस्तू रोज हातात धरणार आहे, त्याला सबमिशनच्या आधी एकदा तरी दाखवा. तो जी नावं ठेवेल ती लिहून घ्या.