गाडीच्या आधी कागद : शेठ वालचंद हिराचंद

प्रीमियर पद्मिनी माहीत नाही असा मेकॅनिकलवाला शोधून सापडणार नाही. मुंबईची ती फेमस काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक प्लॅन शिजला होता. बल्लारपूरला एकाच्या अंगणात ताडपत्रीखाली एक पद्मिनी पडून आहे, नंबर एमएच-३४ च्याही आधीचा, जुना तीन अक्षरी. ती उचलायची, इंजिन खोलायचं आणि क्लासिक गाड्यांच्या रेसमध्ये उतरवायची! इंजिनावर दोन रात्री चर्चा झाली. तिसऱ्या रात्री कागदांचा विषय निघाला आणि एकेक जण झोपायला गेला.

कागद आहेतच तेवढे. आधी आरसी बुक हवं. पंधरा वर्षं उलटली की नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी गाडीची तपासणी, शिवाय इन्शुरन्स आणि पीयूसी. गाडी पन्नास वर्षांच्या वर असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. प्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मग मात्र ती रोजच्या वापरात चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामापुरतीच रस्त्यावर काढायची. चालवणाऱ्याला मोटरस्पोर्ट फेडरेशनचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं, ते वेगळंच. परदेशातल्या क्लासिक रेसमध्ये तर गाडीचा स्वतःचा टेक्निकल पासपोर्ट असतो. ही गाडी त्या काळी जशी होती तशीच आहे, पिस्टनपासून गिअर रेशोपर्यंत, हे त्यात लिहून द्यावं लागतं. आपलं जर्नल सबमिशन यापुढे काहीच नाही.

पण ही गाडी बनवणारी कंपनी ज्यांनी काढली, त्या वालचंद हिराचंद यांचं चरित्र वाचल्यावर कळतं की इथे गाडी जन्माला येण्याच्या आधीच कागदात अडकली होती. वालचंद हे नाव आपल्याला सांगली आणि सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे माहीत असतं. सीईटीच्या फॉर्मवर ऑप्शन म्हणून लिहिलेलं नाव! माणूस कोण होता हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घराणं गुजराती जैन, धंदा सावकारी आणि कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजातले सुधारक. वालचंद मॅट्रिक झाले, मुंबईच्या सेंट झेवियर्सला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, मग शिक्षण सोडून घरच्या धंद्यात आले. तिथे काही मन रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरले होते. त्यांच्याबरोबर वालचंदनी भागीदारी केली. पेढीवर बसणाऱ्या घरातला मुलगा माती-मुरमाचे ठेके घेतो हे त्या काळात चमत्कारिकच वाटलं असणार. पुढे टाटांच्या साथीने मुंबई-पुणे लाईनवरचे बोरघाटातले बोगदे, तानसा तलावाची मुंबईकडे येणारी पाईपलाईन अशी मोठमोठी कामं त्यांनी केली. म्हणजे सरकारी टेंडर, सरकारी बिल, सरकारी सही हे सगळं त्यांनी तरुणपणीच कोळून प्यायलं होतं.

१९१९ मध्ये त्यांनी आणि नरोत्तम मोरारजींसारख्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून एक जहाज विकत घेतलं, लॉयल्टी नावाचं. महायुद्धात ते हॉस्पिटल शिप होतं. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. आज आपण त्या दिवशी राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. कंपनीचं नाव पडलं सिंदिया. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी भाडी इतकी पाडली की सिंदियाचा दम निघावा, आणि १९२३ च्या करारात तिला किनारपट्टीच्या वाहतुकीपुरतं बांधून टाकलं. नंतर १९२९ पासून २० वर्षांहून जास्त काळ वालचंद या कंपनीचे चेअरमन होते.

आता गाडीची गोष्ट. हिंदुस्थानात त्या वेळी मोटारी बनत नव्हत्या, फक्त जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. परदेशातून सुटे भाग खोक्यात यायचे आणि इथे नट-बोल्ट आवळले जायचे. मोटार संपूर्ण इथेच बनावी ही कल्पना सर विश्वेश्वरय्यांची. १९३५ मध्ये ते युरोप-अमेरिकेतले कारखाने बघून आले आणि त्यांनी रीतसर योजना तयार केली. वालचंदनी ती उचलून धरली. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचा कलही अनुकूल होता. पण १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि वर्षाअखेर मंत्रिमंडळांनीच राजीनामे दिले. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं, आणि १९४० मध्ये करार झाला.

म्हणजे बघा, पैसा होता, तंत्रज्ञान देणारी कंपनी होती, जागाही मिळाली असती. नव्हती ती दिल्लीची परवानगी. यंत्रं आणायला परकीय चलन हवं, जहाजात जागा हवी, पोलाद हवं, आणि युद्धकाळात या प्रत्येक गोष्टीला सरकारची सही हवी. सरकारचं म्हणणं असं की मोटारीचा कारखाना उभा राहायला वर्षं जातील, चालू युद्धाला त्याचा काय उपयोग? मग म्हैसूर संस्थान मदतीला पुढे आलं, तर संस्थानालाही वरून मनाई झाली. आपल्या गडचिरोलीकडच्या मित्रांना हे समजावून सांगायला नको. जंगलातून रस्ता काढायचा तर जिल्ह्याचा होकार, राज्याचा होकार, आणि तरीही १९८० च्या वनकायद्याप्रमाणे केंद्राची मंजुरी येईपर्यंत थांबा! वनकायद्यामागे निदान जंगल वाचवण्याचा उद्देश आहे. वालचंदना वाटत होतं की इथे वाचवला जातोय तो परदेशी मोटार कंपन्यांचा धंदा. मला विचाराल तर दोन्ही कारणं खरी असावीत. युद्धाची अडचण खोटी नव्हती, पण ती सोयीची होती.

आणि गंमत पुढेच आहे. ज्या १९३९ च्या दौऱ्यावर ते मोटारीसाठी गेले होते, त्यावरून परत येताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. यातून विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली. मोटारीला नाही म्हणणाऱ्या सरकारने विमानाला हो म्हटलं, कारण जपानच्या भीतीने विमानांची गरज दिसू लागली होती. डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं विमान उडालंसुद्धा. सही झाली तर एवढ्या लवकर काम होतं! पण १९४२ मध्ये सरकारने वालचंदचे शेअर्स घेऊन टाकले आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. आजची एचएएल ती हीच. विशाखापट्टणमच्या शिपयार्डची पायाभरणी जून १९४१ मध्ये झाली. तिथलं पहिलं जहाज जलउषा १९४८ मध्ये पाण्यात उतरलं. तोही कारखाना पुढे सरकारकडेच गेला.

मोटारीचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची नोंदणी झाली. तोपर्यंत बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघालीही होती. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या, डॉज आणि प्लिमथ नावाने. अमेरिकन करारापासून मोजलं तर सात वर्षं. एका डिग्रीत चार वर्षं घालवताना आपण रडतो!

वालचंदना फार काळ हे बघायला मिळालं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. शेवटच्या दिवसांत पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. सांगलीच्या कॉलेजला त्यांचं नाव १९५५ मध्ये मिळालं.

ते गेले त्याच वर्षी सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्या नकोत, ज्यांचा इथे पूर्ण उत्पादनाचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. वालचंदना हवा होता तो कागद अखेर निघाला, ते गेल्यावर! १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली. तीच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगला गिअर, पुढे सलग सीट.

पण याची दुसरी बाजू चरित्रात कोणी ठळकपणे लिहीत नाही. ज्या परवान्यासाठी वालचंद झगडले, तोच पुढे त्यांच्या कंपनीची तटबंदी झाला. नव्या कोणाला कार बनवायची परवानगी मिळेना, त्यामुळे प्रीमियरला गाडी बदलायची घाई उरली नाही. गिऱ्हाईक बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तोवर पद्मिनीची बॉडी आणि इंजिन जवळजवळ जुनंच होतं. दोष वालचंदचा नाही म्हणा, तेव्हा ते हयातही नव्हते. तरी सरकारी ठेक्यांवर वाढलेल्या माणसाच्या कंपनीला सरकारी कुंपण मानवलं, यात आश्चर्य नाही.

रेसवाल्यांचा मात्र यात फायदाच झाला. मद्रासजवळच्या शोलावरमला युद्धकाळातली धावपट्टी होती, तिच्यावर रेसेस व्हायच्या. सलून गाड्यांच्या शर्यतीत फियाट ठरलेली. इतकी वर्षं एकच मॉडेल, त्यामुळे स्पेअर कुठेही मिळायचे आणि प्रत्येक गॅरेजच्या मिस्त्रीला ती गाडी पाठ असायची. अशा शर्यतीत गाडी उतरवायची तर ती शोरूममधून विकल्या जाणाऱ्या मॉडेलचीच आहे हे निर्मात्याच्या कागदावरून दाखवावं लागतं. त्याला होमोलोगेशन म्हणतात. बोअर, स्ट्रोक, वजन, फोटो सगळं त्या फॉर्मवर असतं आणि स्क्रूटिनीला गाडी त्याच्याशी ताडून बघतात.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची मुदत संपल्यावर, रस्त्यावरून उतरली. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून व्हीए नंबरला पात्र झाल्या आहेत.