विल्हेम मायबाख आणि कार्बोरेटरचे जेट

जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर उघडला की आत मधोमध बारीक भोक असलेले पितळी स्क्रू दिसतात. हेच जेट. इंजिनाला किती पेट्रोल मिळणार, हे या भोकाच्या आकारावर अवलंबून असते. पेट्रोल असे मोजून फवारण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत जर्मन अभियंते विल्हेम मायबाख यांचे नाव अग्रभागी आहे.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी हाइलब्रॉन येथे एका सुताराच्या घरी झाला. दहा वर्षांचे असतानाच ते पोरके झाले. रॉयटलिंगेनच्या एका सेवाभावी संस्थेने त्यांना आसरा दिला आणि तिच्याच कारखान्यात ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले. तेथे व्यवस्थापक म्हणून आलेल्या गॉटलीब डाइमलर यांनी या मुलाचे कसब हेरले. त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या डाइमलर यांच्याशी त्यांची जोडी जमली ती कायमची.

१८८२ मध्ये दोघे कानश्टाट येथे आले आणि डाइमलर यांच्या बागेतल्या काचघरात हलके, वेगवान इंजिन बनवू लागले. १८८५ मध्ये त्यांनी असे इंजिन लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसवले. २६४ घन सेंटिमीटरचे ते इंजिन जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे होते. पेट्रोल इंजिनावर चालणारी पहिली मोटारसायकल म्हणून तीच ओळखली जाते.

तिचा कार्बोरेटर मात्र बाष्पीभवनावर चालणारा होता. पेट्रोलच्या संपर्कात हवा आणायची आणि तयार झालेली वाफ इंजिनात घ्यायची, अशी ती रीत. त्यात पेट्रोलचा हलका भाग आधी उडून जाई आणि जड भाग मागे राही. त्यामुळे मिश्रण सतत बदलत असे. मायबाख यांनी १८९३ मध्ये यावर उपाय काढला. हवा वेगाने वाहते तिथे दाब कमी होतो. त्यामुळे शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक नळीतून ओढले जाते आणि अत्तरासारखे फवारले जाते. हवा वाढली की पेट्रोलही वाढते. त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीही फवाऱ्याचा कार्बोरेटर घडवला होता.

जेट निवडण्याचे गणित याच तत्त्वावर चालते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण 'रिच' झाले, की प्लग काळा पडतो, गाडी पेट्रोल जास्त पिते आणि धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. बंद गॅरेजमध्ये तो जिवावर बेतू शकतो. पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण 'लीन' झाले, तर इंजिन तापते आणि पिस्टन खराब होऊ शकतो.

म्हणून सुरुवात कंपनीने दिलेल्या क्रमांकाच्या जेटपासून करावी. एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलून हवेचा प्रवाह वाढला असेल, तर मोठे जेट लागू शकते. उंचावर हवा विरळ असल्याने मिश्रण रिच होते. गाडी कायम तिथेच चालवायची असेल, तर लहान जेट बसवावे लागू शकते. आयडलिंगचा त्रास पायलट जेटशी आणि पूर्ण थ्रॉटलचा त्रास मेन जेटशी निगडित असतो, मधल्या टप्प्यात सुईचे काम असते. त्यामुळे आयडलिंग बिघडले म्हणून मेन जेट बदलण्यात अर्थ नाही. भोकाचा व्यास ५ टक्के वाढला, तर क्षेत्रफळ १० टक्क्यांहून अधिक वाढते. म्हणून जेट एकेक पायरीनेच बदलावे आणि दर वेळी प्लगचा रंग पाहावा. काही कंपन्यांचा क्रमांक व्यास दाखवतो, काहींचा पेट्रोलचा प्रवाह. त्यामुळे दोन कंपन्यांचे सारखे क्रमांक सारखे समजू नयेत. तुंबलेले जेट तारेने टोकरण्याऐवजी क्लीनरने धुऊन हवेने साफ करावे. तारेने मऊ पितळ झिजते आणि भोक मोठे होते.

डाइमलर १९०० मध्ये वारले. त्यानंतर काही महिन्यांतच मायबाख यांनी रचलेली ३५ अश्वशक्तीची मोटार तयार झाली. तिला मर्सिडीज हे नाव मिळाले, ते मोटारींचे व्यापारी एमिल येलिनेक यांच्या मुलीवरून. १९०७ मध्ये मायबाख कंपनीतून बाहेर पडले. पुढे मुलगा कार्ल यांच्यासह त्यांनी झेपेलिन हवाई जहाजांसाठी इंजिने बनवण्याचा कारखाना उभा राहण्यास हातभार लावला. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरची जागा फ्यूएल इंजेक्शनने घेतली. जुन्या गाड्यांत मात्र मायबाख यांचे तत्त्व अजून चालू आहे. त्यांत योग्य जेट बसवणे गाडीच्या आणि आपल्या फुप्फुसांच्याही हिताचे आहे.