सभासदाची साखर आणि धनंजयराव

दिवाळी आली की आमचे मामंजी पिशवी घेऊन कारखान्यावर जात. सभासदाची स्वस्त साखर! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, साखर कारखाना म्हणजे कुणातरी धनिकाचाच. तो शेतकऱ्याचा कसा झाला, हे धनंजयराव गाडगीळांविषयी वाचलं तेव्हा कळलं.

मैत्रिणींनो, धनंजयराव आपल्या नगरचे नव्हेत बरं का. जन्म १९०१ चा, नाशिकचा. बालपण नागपुरात, शिक्षण केंब्रिजला. १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. अशा विद्वान माणसाचं लोणीच्या फुफाट्यात काय काम?

तेव्हा कालव्याच्या पाण्यावर ऊस जोरात होता, पण साखर कारखाने कंपन्यांचे. शेतकरी गूळ करायचा आणि भाव पडला की कर्जात बुडायचा. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते धनंजयराव. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा हा विचार तिथे पक्का झाला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअरचे पैसे गोळा केले. १९५०-५१ ला प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पहिली दहा वर्षं धनंजयराव अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष! एक पुस्तकातला, एक मातीतला. मला ही जोडी फार आवडते.

सहकारात एक शेअर असलेल्यालाही एक मत आणि दहावाल्यालाही एकच. कंपनीत तसं नसतं, ज्याचा पैसा जास्त त्याचं चालतं. आज कितीतरी सहकारी कारखाने खासगी मालकांकडे गेलेत, तेव्हा हा फरक आमच्या बचत गटातल्या बायकांनाही मी मुद्दाम सांगते.

बाजार मोकाट सोडला की गरिबाची चूल आधी विझते, हे त्यांना ठाऊक होतं. १९४७ साली किमतींविषयीच्या सरकारी मंडळात ते होते. धान्यावरचं नियंत्रण उठवू नये, असं त्या मंडळाचं मत होतं. पण डिसेंबरात ते उठलं, भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रण परत आणावं लागलं. पुढे १९६७ ला ते दिल्लीत नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं त्यांचं सूत्र प्रसिद्धच आहे. १९७१ च्या मे महिन्यात दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

कष्टकरी स्त्रियांवरही त्यांचं एक पुस्तक आहे, १९६५ चं. ते कळलं आणि मला घरातलीच गोष्ट आठवली.

मामंजी गेल्यावर शेअर मुलाच्या नावावर करायचं ठरत होतं. मी म्हटलं, सासूबाईंच्या नावावर करा. उसातली खुरपणी जन्मभर त्यांनीच केली ना? घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी अर्जावर सासूबाईंचा अंगठा उठला. यंदा दिवाळीला पिशवी घेऊन त्या स्वतःच जाणार आहेत.