काशीचा चढ : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर नावेतून उतरणाऱ्या यात्रेकरूच्या नजरेला मंदिराच्या कळसाआधी चढ पडतो. गंगा येथे उत्तरवाहिनी होते. तिचा पूर्वेकडील काठ सखल व वाळूचा असून पश्चिमेकडील काठ उंच कड्यासारखा आहे. काशी नगरी वसली ती या कड्यावर. उन्हाळ्यातील पाण्याची पातळी आणि मोठ्या पुराची पातळी यांत चाळीस फुटांहून अधिक अंतर पडते. आज त्या उतारावर दगडी पायऱ्या आहेत. वृद्ध माणसेही काठीच्या आधाराने त्या चढून जातात. परंतु त्या पायऱ्यांचा प्रत्येक चिरा कधी काळी पायऱ्या नसताना नदीच्या काठावरून वर चढवावा लागला होता. त्या श्रमांमागे ज्यांचा संकल्प उभा होता, त्यांत अग्रक्रमाने घ्यावे असे नाव पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लष्करी छावणीच्या धकाधकीत वाढणाऱ्या त्या घरात मल्हाररावांनी सुनेला हिशेब, पत्रव्यवहार आणि राज्यकारभार शिकविला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या असता मल्हाररावांनी विनवणी करून त्यांना परावृत्त केले. त्यानंतर त्यांच्यावर जबाबदारी अधिकच वाढत गेली. १७६५ मध्ये मल्हाररावांनी पत्र पाठवून त्यांना तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्यास, गोळे तयार करवून घेण्यास आणि तोफखान्याच्या खर्चाची तरतूद करण्यास सांगितले होते. अवजड तोफा बैलांनी ओढत नेणे, नद्या उतरविणे, माणसांचे व जनावरांचे पोट सांभाळणे, या गोष्टी अहिल्याबाई पुस्तकातून नव्हे, तर वाटेवर शिकल्या. पुढील आयुष्यात तोफांची जागा दगडांनी घेतली, पण ते शिक्षण वाया गेले नाही.

१७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेला. बेचाळिसाव्या वर्षी अहिल्याबाईंनी दौलतीची सूत्रे हाती घेतली. फौजेचे नेतृत्व त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे सोपविले आणि स्वतः नर्मदाकाठी महेश्वरी राहून कारभार पाहिला. महेश्वरचा किल्लाही नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. घाटापासून किल्ल्यापर्यंतचा चढ रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असे. दगडाचे वजन, पुराचा जोर आणि पायऱ्यांची गरज यांची कल्पना त्यांना घरबसल्या येत होती.

त्यांच्या बांधकामांविषयी बोलताना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. होळकरांच्या दौलतीत सरकारी खजिना आणि खासगी उत्पन्न वेगवेगळे होते. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर दिली होती. गौतमाबाईंच्या निधनानंतर ती अहिल्याबाईंकडे आली. देशभरातील मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी प्रामुख्याने या खासगीतून केला. दानधर्मासाठी रयतेवर नवा कर बसविण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही.

काशीचे काम या सर्वांत अवघड होते. विश्वेश्वराचे जुने मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले होते आणि त्या जागी मशीद उभी राहिली होती. शंभराहून अधिक वर्षे यात्रेकरू येत होते, परंतु त्या स्थानाला साजेसे मंदिर नव्हते. अहिल्याबाईंनी जवळच्या जागेवर नवे मंदिर बांधण्याचे ठरविले. महेश्वरपासून काशी आठशे किलोमीटरांहून दूर. तेथे ना होळकरांची सत्ता होती, ना मराठ्यांची. १७७५ मध्ये काशीचा प्रदेश अवधच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्याच वर्षी कंपनी व मराठे यांच्यात युद्ध सुरू झाले. ते १७८२ पर्यंत चालले. तुकोजीराव होळकर त्या युद्धात मराठ्यांच्या बाजूने लढत होते. म्हणजे ज्या सत्तेशी आपली फौज झुंजत होती, तिच्याच अमलाखालील शहरात एक विधवा राज्यकर्ती मंदिर उभारीत होती. तलवारीच्या बळावर हे काम होणारे नव्हते. वेळच्या वेळी पोहोचणारा पैसा, विश्वासाची माणसे, चोख हिशेब आणि अपार चिकाटी एवढीच साधने हाती होती. १७८० मध्ये मंदिर पूर्ण झाले.

दगड मिळाला तरी तो जागेवर नेणे हे वेगळेच कार्य होते. काशीच्या परिसरातील जुन्या दगडी बांधकामांना चुनारचा वालुकाश्म पुरवीत आला आहे. अशोकाचे स्तंभही या चुनारच्या दगडाचेच. चुनार काशीच्या वरच्या अंगास, गंगेच्या काठावर आहे, त्यामुळे चिऱ्यांनी भरलेल्या नावा प्रवाहाबरोबर खाली येत. रिकाम्या नावा परत नेताना मात्र काठाने चालणाऱ्या माणसांना त्या दोराने ओढाव्या लागत. नाव काशीस लागली की खरी परीक्षा सुरू होई. भिजल्या मातीचा निसरडा उतार, त्यापुढे अरुंद गल्ल्या. गाडी पुढे जाईना, तेथे माणसाचा खांदाच कामी येई. त्या काळच्या रीतीप्रमाणे मोठा चिरा ओंडक्यांवर ठेवून पुढून दोर ओढीत व मागून पहारी लावीत. लहान चिरे वाशाला टांगून दोघे किंवा चौघे खांद्यावर नेत. एकाचा पाय घसरला तर बाकीच्यांच्या जिवावर बेते. विटा, चुना आणि लाकूडही याच वाटेने वर जाई. विटांची पूड मिसळलेला चुना ओलाव्यातही घट्ट धरतो, म्हणून नदीकाठच्या कामात तो विशेष मोलाचा. पायाचे काम पाणी ओसरलेल्या महिन्यांतच शक्य असे. पावसाळा तोंडावर आला की हात आखडता घ्यावा लागे आणि पुराने किती नेले, किती ठेवले, हे शरदात कळे.

या काठावर घाईला क्षमा नाही. मणिकर्णिकेशेजारी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूस कललेले दिसते. वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. पुढे १८३० च्या सुमारास बैजाबाई शिंदे यांनी बांधविलेला भव्य शिंदे घाट स्वतःच्या भाराने खचला आणि त्याची नंतर पुन्हा बांधणी करावी लागली. वरचे सौंदर्य डोळ्यांना दिसते, पण ते टिकते खालच्या न दिसणाऱ्या दगडावर, हा धडा काशीचा काठ प्रत्येक पिढीला शिकवीत आला आहे.

अहिल्याबाईंनी काशीत केवळ मंदिर बांधले नाही. त्यांच्या नावाचा अहिल्याबाई घाट आजही तेथे आहे. १७९१ च्या सुमारास त्यांनी मणिकर्णिका घाटाचा जीर्णोद्धार करविला. मणिकर्णिका हे महास्मशान. तेथे राजा येतो तसा रंकही येतो आणि दोघांनाही त्याच पायऱ्यांवरून न्यावे लागते. दुःखाने वाकलेल्या माणसाच्या पायाखाली निदान दगड तरी स्थिर असावा, एवढी सोय त्या घाटाने केली.

ही सोय करविणाऱ्या अहिल्याबाईंच्या घरी त्या दिवसांत काय चालले होते, हे जाणल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. कन्या मुक्ताबाईंचा तरुण मुलगा नथ्याबा आजाराने गेला. त्या दुःखातून सावरण्याआधीच १७९१ च्या अखेरीस जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. कधी काळी सासऱ्यांच्या विनवणीने स्वतः मागे फिरलेल्या अहिल्याबाईंनी मुलीची परोपरीने विनवणी केली, पण ती मागे फिरली नाही. नर्मदेच्या काठी आईच्या डोळ्यांदेखत चिता पेटली. पती, सासरे, पुत्र, नातू, जावई आणि अखेरीस कन्या, अशी एकेक माणसे त्यांच्या आधी निघून गेली. तरीही हिशेबाच्या वह्या बंद झाल्या नाहीत, अन्नछत्रांच्या चुली विझल्या नाहीत. माळवा आणि निमाड यांच्यामधील खड्या विंध्य घाटावर उभा असलेला जाम दरवाजाही याच काळातला.

बांधून मोकळे होणे हा अहिल्याबाईंचा स्वभाव नव्हता. मंदिर उभे राहिले की पूजेची, दिवाबत्तीची, डागडुजीची आणि अन्नदानाची कायमची नेमणूक त्या करून देत. दगड वर चढविणे हे एका हंगामाचे काम, पण त्या दगडाची निगा राखणे हे पिढ्यांचे काम, याचे भान त्यांच्या कारभारात सर्वत्र दिसते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

पुढे पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनी विश्वेश्वराच्या शिखरांसाठी सोने दिले. यात्रेकरू त्या सोन्याकडे पाहून हात जोडतात आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु सोने ज्यावर झळाळते तो दगड त्याआधी अर्धशतक तेथे पोहोचला होता. २०२१ मध्ये गंगाकाठापासून मंदिरापर्यंत प्रशस्त मार्ग खुला झाला आणि त्या परिसरात अहिल्याबाईंचा पुतळाही उभारण्यात आला. चौंडीच्या पाटलाच्या लेकीचे स्मरण त्या नगरीने ठेवले, याचा मराठी मनाला अभिमान वाटणे साहजिक आहे.

त्यांच्याबरोबर राबलेल्या पाथरवटांची, गवंड्यांची, नावाड्यांची आणि खांद्यावर वासा घेऊन तो चढ चढलेल्या मजुरांची नावे मात्र इतिहासाने जपली नाहीत. कोणतीही संस्था, मग ती मंदिर असो की विद्यामंदिर, अशाच ज्ञात-अज्ञात खांद्यांवर उभी राहते. पुढे येणाऱ्यांना तो चढ सोपा वाटतो, कारण आधीच्यांनी त्यावर पायऱ्या बांधून ठेवलेल्या असतात. पायऱ्या चढणाऱ्याने क्षणभर थांबून त्या बांधणाऱ्यांचे स्मरण करावे आणि एखादा निखळलेला चिरा दिसला तर तो स्वतःच्या हाताने पुन्हा बसवावा. अहिल्याबाईंचे खरे पूजन यातच आहे.